रेषा जुळली, पण कुठे जुळली?

पवनचक्कीच्या पात्यांवर लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांत एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते. आलेखावर संगणकाने काढलेली एक अखंड रेषा असते, तिच्यावर किंवा तिच्या आसपास प्रयोगात मोजलेले ठिपके असतात, आणि खाली लिहिलेले असते की सिम्युलेशनचे निकाल प्रयोगाशी पाच टक्क्यांच्या आत जुळत असल्यामुळे मॉडेल प्रमाणित झाले असे मानून पुढील काम केले आहे. नागपुरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रवयांत्रिकी शिकवताना आणि इतरांचे प्रबंध तपासताना हे वाक्य माझ्यासमोर वारंवार येते. ते खोटे नसते. आकडे खरोखरच पाच टक्क्यांच्या आत असतात. तरीही ते वाचल्यावर माझ्या मनात तीन प्रश्न राहतातच: कोणती राशी जुळली, पात्याच्या कोणत्या भागावर जुळली, आणि मॉडेल चुकीचे असते तर ती जुळली नसती असे खात्रीने म्हणता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोघांची उत्तरे कितीही चांगली असली तरी त्या आलेखाने काही सिद्ध केलेले नसते.

कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांजवळ, जिथे वर्षाचा मोठा भाग वारा मंदच असतो अशा शहरात बसून पवनचक्कीच्या पात्यांचा एवढा विचार कशासाठी, असे मला कधी कधी विचारले जाते. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला फिरतात. विदर्भाच्या वाट्याला तसा वारा आलेला नाही. पण पात्याभोवतीच्या हवेचे गणित करायला वारा लागत नाही, संगणक लागतो, आणि तो आता सगळीकडे आहे. म्हणूनच त्या गणिताला खऱ्या हवेसमोर कसे उभे करायचे, हा प्रश्न वाऱ्यापासून दूर असलेल्या आमच्यासारख्यांना अधिक काळजीने विचारावा लागतो. ज्याच्या दारात पवनचक्की उभी आहे त्याला निदान रोज एक खरे उत्तर दिसत असते.

या विषयात सर्वांना ओळखीचा असलेला प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेचा, म्हणजे एनआरईएलचा आहे. तिचा संशोधकांचा गट १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कोलोरॅडोच्या मोकळ्या मैदानात फिरत्या पात्यांवरचा दाब मोजत होता. मैदानातला वारा मात्र क्षणभरही एकसारखा राहत नाही. वरच्या आणि खालच्या थरांत त्याचा वेग वेगळा असतो, दिशा बदलते, झोत येतात. त्यामुळे मोजमाप आणि गणना यांत फरक दिसला तर तो गणनेच्या चुकीमुळे की वाऱ्याच्या लहरीमुळे, हे सांगता येत नसे. म्हणून २००० साली त्यांनी ती पवनचक्की उचलून कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रातल्या प्रचंड वातबोगद्यात उभी केली. त्या बोगद्याचा छेद ३६.६ मीटर रुंद आणि २४.४ मीटर उंच आहे. चक्कीला दोन पाती होती, चक्राचा व्यास सुमारे १०.०६ मीटर होता, फिरण्याचा वेग मिनिटाला ७२ फेऱ्या, आणि पात्याचा संपूर्ण कार्यकारी भाग एस-८०९ या एकाच एरोफॉइलचा, म्हणजे एकाच छेद-आकाराचा, होता. पात्याच्या लांबीवर पाच ठिकाणी, म्हणजे त्रिज्येच्या ३०, ४७, ६३, ८० आणि ९५ टक्क्यांवर, पृष्ठभागात बारीक छिद्रे पाडून दाब मोजला गेला. सेकंदाला ५ मीटरपासून २५ मीटरपर्यंतच्या वाऱ्यात, समोरून आणि तिरक्या दिशेने, अशा अनेक स्थितींत मोजमापे झाली. ‘फेज सिक्स’ या नावाने हा संच आज जगभर वापरला जातो.

या प्रयोगाचे खरे महत्त्व मात्र त्यानंतरच्या एका निर्णयात आहे. मोजलेले आकडे जाहीर करण्याआधी एनआरईएलने पवनचक्कीची गणिते करणाऱ्या युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञांना पात्याची भूमिती, एरोफॉइलचे द्विमितीय आकडे (स्थिर तुकड्यावर मोजलेली उचल आणि ओढ) आणि वाऱ्याच्या स्थिती दिल्या, आणि उत्तर न पाहता आपापले अंदाज पाठवायला सांगितले. अंदाज आल्यावर ते मोजमापांशेजारी ठेवले गेले. वारा मंद, सरळ समोरून येणारा, पात्यावर कुठेही स्टॉल (हवा पृष्ठभागापासून सुटून उचल ढासळणे) नाही, अशा सर्वांत सोप्या स्थितीतसुद्धा शक्तीचे अंदाज मोजलेल्या शक्तीच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. जोराच्या वाऱ्यात, पाते खोल स्टॉलमध्ये गेल्यावर, हाच पसारा ३० ते २७५ टक्के झाला. हे अंदाज नवशिक्यांचे नव्हते. ज्यांच्या संगणकीय साधनांवर खऱ्या चक्क्यांची रचना होत होती, अशी माणसे त्यांत होती. आणि त्याच साधनांनी पूर्वीच्या, आधीच माहीत असलेल्या मोजमापांशी सुंदर जुळणी दाखवलेली होती.

मी दरवर्षी विद्यार्थ्यांना हे आकडे सांगतो, आणि दरवर्षी वर्गात थोडी शांतता पसरते. उत्तर माहीत असताना केलेली गणना आणि माहीत नसताना केलेली गणना यांतले अंतर इतके मोठे असू शकते, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर समजते. त्याच अंधपरीक्षेत डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतल्या गटाची गणना मोजमापांच्या लक्षणीय जवळ आली. त्या गटाने एरोफॉइलच्या तक्त्यांवर विसंबून न राहता फिरत्या पात्याभोवतीच्या त्रिमितीय प्रवाहाची नेव्हिअर-स्टोक्स समीकरणे सोडवली होती, आणि हे काम २००२ साली प्रसिद्ध झाले. आज आपण सीएफडी (संगणकीय द्रवगतिकी) म्हणून जे करतो त्याला पवनचक्कीच्या क्षेत्रात मान मिळाला तो या निकालानंतर. तो मान न पाहिलेल्या उत्तरापाशी पोहोचण्यामुळे मिळाला होता, ही गोष्ट मात्र पुढे विसरली गेली. आज फेज सिक्सचे आकडे सर्वांसाठी खुले आहेत. सेकंदाला ७ मीटर वाऱ्याला टॉर्क, म्हणजे चक्र फिरवणारा पीळ, सुमारे ८०० न्यूटन-मीटर येतो, हे विद्यार्थ्याला मेश (गणनेसाठी केलेले पेशींचे जाळे) तयार करण्याआधीच ठाऊक असते. मग एक टर्ब्युलन्स मॉडेल (विक्षुब्ध प्रवाहाचे सोपे केलेले गणिती रूप) वापरून ७०० आले तर दुसरे घेतले जाते, दुसऱ्याने ८६० दिले तर मेश बदलली जाते, आणि ८१० आले की काम थांबते. यात कोणी लबाडी करत नाही. फक्त थांबण्याची जागा उत्तराने ठरवलेली असते, आणि तिथे पडताळा संपून जुळवाजुळव सुरू झालेली असते.

टॉर्क हीच राशी बहुतेक जण का निवडतात, हे समजण्यासारखे आहे. तो एकच आकडा असतो, शक्ती त्यावरून लगेच मिळते, आणि चक्की बसवणाऱ्याला अखेर शक्तीच हवी असते. पण चूक लपवायला टॉर्कइतकी सोयीची राशी दुसरी नाही, आणि याचे कारण पात्याच्या भूमितीतच आहे. पात्याच्या टोकाकडे हवा जवळजवळ पात्याच्या फिरण्याच्या प्रतलातच समोरून येते. फेज सिक्सच्या पात्यावर ७ मीटर वाऱ्याला ९५ टक्के त्रिज्येपाशी हा कोन साधारण ८ अंशांचा असतो. उचल-बल येणाऱ्या हवेला काटकोनात, म्हणून या कोनाएवढेच पुढे कललेले असल्यामुळे त्याचा जेमतेम १४ टक्के भाग पाते फिरवतो, आणि ओढ-बल मात्र जवळजवळ पूर्णपणे त्याला अडवते. म्हणजे चक्र फिरवणारे बल ही एक वजाबाकी आहे. उचल आणि ओढ यांचे गुणोत्तर ७० धरून ढोबळ हिशेब केला, तर गणनेने ओढ ३० टक्के जास्त दाखवली की फिरवणारे बल सुमारे ३.४ टक्क्यांनी घटते, आणि उचल केवळ ३ टक्के जास्त दाखवली की ते जवळजवळ तेवढेच वाढते. दोन्ही चुका एकदम झाल्या तर टॉर्क अचूक येतो. किराण्याच्या वहीत साखरेचे पैसे जास्त आणि तेलाचे कमी लिहिले गेले तरी महिन्याची बेरीज बरोबर येऊ शकते, तसेच हे आहे.

आणि हा योगायोग दुर्मीळ नाही. पात्यावरचा सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा पातळ थर, सुरुवातीपासूनच विक्षुब्ध आहे असे गृहीत धरले, तर ओढ वाढून येते, कारण प्रत्यक्षात पात्याचा पुढचा बराच भाग शांत, स्तरीय प्रवाहाखाली असतो. याच एस-८०९ वर अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या गणनांमध्ये हा परिणाम स्पष्ट दिसला होता: संक्रमणाची, म्हणजे स्तरीय प्रवाह विक्षुब्ध होण्याची, जागा विचारात घेतल्यावर लहान कोनांवरची ओढ सुधारली, पण स्टॉलनंतरची उचल चुकीचीच राहिली. जे मॉडेल ओढ वाढवते तेच अनेकदा प्रवाहाला पृष्ठभागापासून सुटू देण्यास उशीर करते, आणि त्यामुळे उचलही वाढवते. दोन चुका एकाच उगमातून निघतात आणि टॉर्कमध्ये एकमेकींना खोडतात. म्हणून मी विद्यार्थ्याला सांगतो की टॉर्क जुळला तर आनंद जरूर मानावा, पण त्याच दिवशी पाचही ठिकाणचे दाबाचे आलेख उघडावेत. ३० टक्क्यांच्या ठिकाणी दाब चुकला असेल तर एकूण टॉर्कवर त्याचा परिणाम थोडाच होतो, कारण तिथे भुजा लहान आहे. पण पात्याच्या मुळाशी हवा कशी वागते हे आपल्याला कळलेले नाही, ही बातमी आपल्याला तिथेच मिळते.

मुळाशी हवा खरोखर वेगळी वागते. गटिंगेनमध्ये हिमेल्सकाम्प या संशोधकाने १९४५ साली फिरत्या प्रोपेलरच्या आतल्या भागावर जी उचल मोजली, ती स्थिर एरोफॉइल देऊ शकेल त्यापेक्षा बरीच जास्त होती. पृष्ठभागापासून सुटलेली संथ हवा पात्याबरोबर फिरू लागते, केंद्रोत्सारी परिणामाने बाहेरच्या बाजूला ढकलली जाते, आणि बाहेर जाताना कोरिओलिस परिणामामुळे तिला मागच्या कडेकडे रेटा मिळतो. या रेट्यामुळे सुटलेल्या प्रवाहाचा थर पातळ राहतो आणि स्टॉल लांबतो. वातबोगद्यात स्थिर ठेवलेल्या पात्याच्या तुकड्याला यातले काहीच माहीत नसते, त्यामुळे द्विमितीय तक्त्यांवर उभ्या असलेल्या पद्धतींना इथे दुरुस्त्या जोडाव्या लागतात, आणि अंधपरीक्षेतला मोठा पसारा याच भागातून आला. फेज सिक्समध्ये सेकंदाला १० मीटरचा वारा विशेष कठीण ठरतो. त्या वेगाला स्टॉल पात्याच्या मधल्या भागात नुकताच सुरू होत असतो, आणि ४७ टक्क्यांच्या ठिकाणी पुढच्या कडेवरच्या चोषणाचा दाब गणनांमध्ये फार वेगवेगळा येतो. ७ मीटरला जवळजवळ सगळी चांगली मॉडेल्स जुळतात आणि १० मीटरला त्यांच्यात फूट पडते, म्हणून कोणाचे काम वाचताना मी आधी १० मीटरचा आलेख शोधतो. तो दिलेला नसेल तर ते मौन मला लेखकाच्या निष्कर्षापेक्षा जास्त काही सांगते.

इथवर मी मोजमापांना जणू अंतिम सत्य मानूनच बोललो. तसे मानणेही बरोबर नाही, आणि फिरत्या पात्यावर दाब मोजणे किती अवघड आहे हे समजून घेतल्याशिवाय गणनेवर टीका करण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही असे मला वाटते. दाबाचा सेन्सर पात्यातल्या छिद्रावरचा दाब आणि एक संदर्भ-दाब यांतला फरक मोजतो, आणि संदर्भ-दाब आणणारी नळी मध्यावरच्या हबपासून पात्यातून बाहेर जाते. ती नळीसुद्धा फिरते. तिच्यातल्या हवेवर केंद्रोत्सारी परिणाम होतो आणि बाहेरच्या टोकाशी दाब वाढतो. ९५ टक्के त्रिज्येवर पात्याचा वेग सेकंदाला ३६ मीटर असताना ही वाढ सुमारे ७८० पास्कल होते. त्याच ठिकाणचा गतिज दाब, ज्याने भागून आपण दाबगुणांक काढतो, तो ७ मीटर वाऱ्याला सुमारे ८१० पास्कल असतो. म्हणजे करायची दुरुस्ती जवळजवळ मोजायच्या राशीएवढीच आहे. फेज सिक्सच्या गटाने ती काळजीपूर्वक केली आणि नोंदवली, म्हणून आपण आज ते आकडे वापरू शकतो. पण प्रबंधातल्या आलेखावरचा लहानसा काळा ठिपका हा अशा अनेक दुरुस्त्यांतून, कॅलिब्रेशनमधून आणि सरासरीतून आलेला असतो. त्याला रुंदी असते, आणि ती रुंदी आलेखावर दाखवली गेली पाहिजे.

आक्रमण-कोनाची, म्हणजे पाते समोरून येणाऱ्या हवेशी करते त्या कोनाची, गोष्ट तर याहून नाजूक आहे. स्थिर तुकड्यावर कोन आपण स्वतः ठरवतो. फिरत्या पात्यावर तो कुणीच थेट मोजू शकत नाही. फेज सिक्समध्ये पात्याच्या पुढे बाहेर आलेल्या पाच-छिद्री प्रोबने हवेची स्थानिक दिशा मोजली गेली, पण पाते स्वतःच समोरच्या हवेला वर वळवत असल्यामुळे त्या दिशेतही दुरुस्ती करावी लागते. शिवाय प्रोबचे अस्तित्वच प्रवाहाला थोडे बिघडवते, म्हणून मोजमापांची एक मालिका प्रोब काढूनही घेतली गेली. सीएफडीमध्येही आक्रमण-कोन हा अनुमानानेच काढावा लागतो. त्यामुळे ‘कोनाविरुद्ध उचल’ असा आलेख काढून जुळणी दाखवली जाते तेव्हा आपण दोन अनुमानांची तुलना करत असतो. पृष्ठभागावरचा दाब ही दोन्ही बाजूंना थेट मिळणारी राशी आहे, आणि तुलना शक्यतो तिथेच व्हावी.

मोजमापांनी स्वतःलाच प्रश्न विचारण्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण नेदरलँड्समधले आहे. २००६ च्या डिसेंबरात तिथल्या मोठ्या वातबोगद्यात ‘मेक्सिको’ नावाचा प्रयोग झाला: ४.५ मीटर व्यासाचे तीन पात्यांचे चक्र, पाच ठिकाणी दाबाचे सेन्सर, आणि शिवाय लेझरच्या साहाय्याने चक्राभोवतीच्या हवेच्या वेगाचे नकाशे. बलांबरोबर वेगही मोजल्यामुळे गणनेला पळवाट उरली नाही. आणि मग एक विचित्र विसंगती दिसली. अनेक गणनांमध्ये वेग चांगला जुळत होता, पण पात्यावरची बले मोजमापांपेक्षा जास्त येत होती. संवेगाच्या नियमानुसार या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असल्यामुळे, एक बरोबर आणि दुसरी चूक असे सहज होऊ शकत नाही. संशय बोगद्यावर गेला, कारण तो उघड्या झोताचा होता. ९.५ मीटर बाजूच्या चौकोनी झोतात ४.५ मीटरचे चक्र म्हणजे झोताच्या क्षेत्रफळाचा सुमारे १८ टक्के भाग, तर एम्समध्ये हेच प्रमाण ९ टक्के होते. संशय सेन्सरवरही गेला, आणि अर्थातच गणनांवरही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अनेक देशांच्या गटांनी वर्षानुवर्षे या विसंगतीवर काम केले, आणि २०१४ साली तेच चक्र पुन्हा त्याच बोगद्यात नेऊन मोजमापे नव्याने घेतली. नव्या मोजमापांशी बलांची जुळणी आधीपेक्षा सुधारली. विसंगती दिसल्यावर ती गणनेच्या माथी मारून मोकळे न होता, आठ वर्षांनी का होईना, प्रयोग पुन्हा उभा करण्याची तयारी मला फार मोलाची वाटते.

या सगळ्याच्या आधी येते ती गणिताची स्वतःशीच केलेली तपासणी, आणि तिच्याबद्दल फार लिहावे असे नाही, कारण तिचे नियम स्पष्ट आहेत. मेश बारीक केल्यावर उत्तर बदलते का, किती बदलते आणि कोणत्या दराने स्थिरावते, हे किमान तीन मेशवर दाखवावे. त्यासाठी रोश यांनी १९९४ साली मांडलेला निर्देशांक सर्वत्र वापरला जातो. पात्याला चिकटलेली पहिली पेशी फेज सिक्ससारख्या पात्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पातळ हवी, नाहीतर भिंतीजवळचा प्रवाह सोडवला गेलेलाच नसतो. हे केलेले नसेल तर प्रयोगाशी जुळणी झाली तरी ती समीकरणांची नसते, त्या विशिष्ट मेशची असते. अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने २००९ साली या विषयाचे मानक काढले. त्यातली मध्यवर्ती कल्पना साधी आहे: गणना आणि प्रयोग यांतला फरक काढा, आणि तो मेशची अनिश्चितता, इनपुटची अनिश्चितता आणि प्रयोगाची अनिश्चितता यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाशेजारी ठेवा. फरक त्याहून लहान असेल तर मॉडेल चांगले आहे असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की या प्रयोगाला त्याची चूक दिसण्याइतकी दृष्टी नव्हती. प्रबंधांतल्या ‘पाच टक्के’ या आकड्याला या कसोटीवर घासले की त्यातला बराचसा आत्मविश्वास गळून पडतो, आणि ते चांगलेच आहे.

इनपुटची अनिश्चितता नागपुरात तर डोळ्यांसमोर असते. आमच्या शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर आहे. हवामानाच्या बातमीत जो हवेचा दाब सांगितला जातो तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. प्रत्यक्ष दाब त्याहून साधारण ३५ हेक्टोपास्कलने कमी असतो. तो दाब तसाच घेऊन कोणी घनता काढली तर ती साडेतीन टक्क्यांनी जास्त येते, आणि बलेही तेवढीच. म्हणजे आलेखावरच्या पाच टक्क्यांतले साडेतीन टक्के हवेचा एकही कण न हलता, केवळ एका आकड्याच्या निवडीतून येऊ शकतात. तापमानाचा परिणाम याहून मोठा आहे. नवतपात ४५ अंशांच्या दुपारी इथल्या हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०६ किलो असते आणि डिसेंबरच्या थंड सकाळी सुमारे १.१८. पुस्तकात छापलेला १.२२५ हा आकडा इथे बहुधा कोणत्याच ऋतूत लागू होत नाही, तरीही सॉफ्टवेअर उघडल्यावर तोच आधीपासून भरलेला दिसतो आणि फार थोडे विद्यार्थी तो बदलतात.

मोठ्या पात्यांकडे वळले की प्रश्न आणखी पुढे सरकतो. फेज सिक्सच्या पात्यावर रेनॉल्ड्स संख्या (वेग, आकार आणि हवेची घनता व चिकटपणा यांवरून ठरणारी, प्रवाहाचे स्वरूप सांगणारी संख्या) साधारण दहा लाखांच्या घरात होती. आजच्या प्रचंड पात्यांवर ती एक कोटीच्या पुढे जाते. डेन्मार्कमध्ये २००९ साली त्येरेबोर्गच्या दोन मेगावॅटच्या चक्कीवर ३८.८ मीटर लांबीचे पाते सेन्सरनी सज्ज करून दाब मोजला गेला, आणि मोठ्या आकारावरचा तो दुर्मीळ पडताळा आहे. पण तिथे वारा पुन्हा मैदानातला, म्हणजे कोलोरॅडोतली अडचण परत आली. नियंत्रित वारा आणि खरा आकार या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात आजवर नीट मिळालेल्या नाहीत. लहान पात्यावर सिद्ध झालेले मॉडेल मोठ्यावर वापरताना आपण एका पुराव्याच्या आधाराने दुसऱ्या प्रदेशात पाऊल टाकत असतो, हे लिहून ठेवले तर त्यात कमीपणा नाही. ते न लिहिता ‘मॉडेल प्रमाणित आहे’ एवढेच लिहिले, तर वाचणारा अभियंता ते वाक्य ऐंशी मीटरच्या पात्यासाठी वापरेल, आणि त्या पात्याखाली माणसे काम करत असतील.

मग आमच्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याने काय करावे? फेज सिक्सची उत्तरे माहीत आहेत, ती विसरता येत नाहीत. पण स्वतःला बांधून घेता येते. माझ्याकडे सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्याशी मी हेच ठरवले आहे की मेश, टर्ब्युलन्स मॉडेल आणि संक्रमणाची पद्धत ७ मीटरच्या स्थितीवर निश्चित करायची, ती वहीत तारखेसह लिहायची, आणि त्यानंतर १० मीटर, १५ मीटर आणि तिरक्या वाऱ्याच्या स्थितींवर एकही गोष्ट न बदलता गणना करायची. जे येईल ते प्रबंधात जाईल. “सर, दहा मीटरला नाही जुळलं तर मग?” असे त्याने पहिल्याच दिवशी विचारले. न जुळणाऱ्या आलेखाखाली कुठे आणि किती जुळले नाही, प्रवाह आधी सुटला की उशिरा, हे नीट लिहिलेले असेल, तर परीक्षक म्हणून मी त्या प्रबंधाला जुळलेल्या प्रबंधापेक्षा वर ठेवीन, असे मी त्याला सांगितले. परीक्षक दुसरे कोणी असतील, ही त्याची काळजी खरी आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आपल्याकडे न जुळलेल्या निकालाला अपयश मानण्याची सवय परीक्षकांनीच घडवली आहे, आणि ती परीक्षकांनीच मोडायला हवी.

याच्याबरोबर आम्ही एक छोटा प्रयोग योजला आहे. महाविद्यालयाच्या लहान वातबोगद्यात १० सेंटिमीटर जीवेचा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीचा) एरोफॉइल बसवून, सेकंदाला २० मीटर वेगाला, एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात, पृष्ठभागावरचा दाब मोजायचा. प्रयोगशाळेत मे महिन्यात ४० अंश आणि डिसेंबरात १८ अंश धरले, तर हवेच्या घनतेत आणि चिकटपणात पडणाऱ्या फरकामुळे रेनॉल्ड्स संख्या डिसेंबरात सुमारे १ लाख ३० हजार आणि मे महिन्यात सुमारे १ लाख १३ हजार येईल. याच टप्प्यात पृष्ठभागावर स्तरीय प्रवाह सुटून पुन्हा चिकटण्याचा बुडबुडा तयार होतो, आणि त्याची लांबी रेनॉल्ड्स संख्येवर फार अवलंबून असते, म्हणून संक्रमणाच्या मॉडेलची इथे खरी परीक्षा होईल. गणना दोन्ही ऋतूंसाठी आधी पूर्ण करून, पाकिटात बंद करून विभागात ठेवली जाईल. मेच्या मोजमापांत एक फेरी सेकंदाला २३ मीटर वेगानेही घ्यायची, म्हणजे त्या उन्हातही डिसेंबरचीच रेनॉल्ड्स संख्या मिळेल. तो दाबगुणांकाचा वक्र डिसेंबरच्या वक्रावर बसला, तर दोन ऋतूंतला फरक रेनॉल्ड्स संख्येचाच होता असे म्हणता येईल. तो बसला नाही, तर बोगद्यात येणाऱ्या हवेतली विक्षुब्धता वेगानुसार बदलते आहे का हे हॉट-वायरने (तापवलेल्या बारीक तारेच्या वेगमापकाने) मोजावे लागेल, आणि पाकीट त्यानंतरच उघडता येईल.